फनहले कोण?

१४ जानेवारी

आजपासून लिहून ठेवणार आहे. ट्राममध्ये तिकीट तपासायला लागले तेव्हा पहिला धडा हाच मिळाला होता, की जे पाहिलं ते लगेच लिहा, नंतर आठवेल या भरवशावर राहू नका. ही वेळ घरात येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

आई माझ्यापासून काहीतरी लपवतेय.

आमच्या मूळ गावाहून, हर्गेसाहून, शुक्री मावशीचे निरोप रोजच येतात. आमच्यात कोणी लिहीत बसत नाही, फोनमध्ये बोलतात आणि पाठवतात. एकेक निरोप अंजेरोच्या धिरड्यांचा अख्खा ढीग तव्यावरून उतरेपर्यंत चालतो. आई फोन साखरेच्या डब्याला टेकवते, आवाज मोठा करते आणि ऐकता ऐकता काम उरकते. मी स्वयंपाकघरात आले तरी बंद करत नाही. करेल कशाला? मला सोमाली कुठे येते? चार वर्षांची असताना इथे गोथेनबर्गला आले, शाळेत स्वीडिश झाले, आणि घरच्या भाषेतलं उरलं ते जेव, झोप, दार लाव, इकडे ये, थांब. एवढं तर शेजाऱ्यांच्या मांजरालाही कळतं.

पण आज एक नाव पुन्हा पुन्हा ऐकलं. फनहले. मावशी म्हणाली फनहले, मग आई फोन तोंडाजवळ धरून उसासा टाकत म्हणाली फनहले. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. जो नजर वळवतो त्याचं तिकीट आधी बघायचं, हे मी नव्या पोरांना शिकवते.

१६ जानेवारी

सरळ विचारलं, ही फनहले कोण? आई म्हणाली, "कोणी नाही. जेव."

मग दोघी बशीत बघत जेवलो. माझं स्वीडिश तिला अर्धं कळतं, तिचं सोमाली मला पाव कळतं. मी चौतीस वर्षांची आहे, एका घरात राहतो, आणि आम्ही दोघी कधी पाच वाक्यांच्या पुढे गेलेलो नाही. याचं मला आजवर काही वाटत नव्हतं.

१८ जानेवारी

कामावर दिवसभर डोक्यात तेच. शेवटी धागा सापडला असं वाटतंय. आब्बे, म्हणजे माझे वडील, मी अकरा वर्षांची असताना आईला सोडून हर्गेसाला परत गेले. तिकडे दुसरं लग्न केलं. तीन वर्षांपूर्वी वारले. त्या दुसरीला मुलं आहेत हे मला माहीत आहे, किती आणि कोण ते मी कधी विचारलं नाही. फनहले त्यातलीच असणार.

आता बाप नाही, म्हणून ती आईच्या गळ्यात पडतेय. आणि आमची आई म्हणजे वितळलेलं लोणी. तिला इकडे आणायचा घाट चाललाय, दुसरं काय! आईची आणि माझी सोडून घरात झोपायला तिसरी खोली नाही.

२३ जानेवारी

सोमालीच्या वर्गात नाव घातलं. आईला सांगितलं, मंगळवारी उशिरापर्यंत ड्यूटी असते. चोरी पकडायची तर चोराची भाषा आली पाहिजे.

वर्ग यॅल्बू चौकातल्या वाचनालयाच्या वर भरतो. शिकवणारी इफ्राह माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, च्युइंगम चघळत शिकवते, आणि मला "अबायो" म्हणते, म्हणजे ताई. इथपर्यंत ठीक. पण वर्गात एक लेनार्ट नावाचा गोरा म्हातारा आहे. तो उभा राहिला आणि खळखळून सोमाली बोलला, वर विनोद केला, सगळी पोरं हसली. मला विनोद कळला नाही. म्हणे तरुणपणी तिकडे आमच्या मुलखात, बुराओकडे, विहिरी खोदायला होता. माझा नाही विश्वास. एवढी भाषा येते तर वर्गात कशाला येतो? पोलिसांचा माणूस असणार.

इफ्राहने मला विचारलं, घरात तुला काय हाक मारतात? मी म्हटलं, आई मला "हूयो" म्हणते. हूयो म्हणजे आई. आमच्यात आई लेकीला तीच हाक मारते जी लेक आईला. इफ्राह म्हणाली, ते झालं लाडाचं, पण घरातलं तुझं नाव काय? मी म्हटलं, सगल, एकच आहे. तिने भुवया उंचावल्या आणि पुढच्याकडे वळली. मला नाही आवडलं ते.

२९ जानेवारी

दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. हल्ली समोरच्या दोन दातांत तीळ अडकतो, मटणाचा धागा अडकतो. डॉक्टर म्हणाली, लहानपणची फट पुन्हा उघडतेय, रात्री घालायची पट्टी तुम्ही घातली नाहीत. आतून एक तार चिकटवली की काम होईल. एप्रिलच्या शेवटाची वेळ घेतली.

नववीत तारा लावून ती फट बुजवली तेव्हा आई त्या दिवशी जेवली नव्हती. वर्गातली मुलं मला दरवाजा म्हणायची ते तिला कुठे माहीत होतं? तोटा एकच झाला. त्या फटीतून मी अशी शिट्टी मारायचे की खालच्या अंगणातली कबुतरं उडायची. ती गेली.

६ फेब्रुवारी

सापडलं! फनहले हे नावच नाही. दातांत फट असलेली बाई, एवढाच त्याचा अर्थ.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं. इफ्राहने अर्धा तास त्यावरच घालवला. आमच्यात खऱ्या नावाने कोणी ओळखत नाही म्हणे. एका गल्लीत चार मोहम्मद, मग लंगडा, ठेंगू, लांबनाक्या, आणि तोंडावर म्हणतात, कोणाला राग येत नाही. तिच्या मामाला सगळं गाव टकल्या म्हणतं, कारण जन्मला तेव्हा डोक्यावर केस नव्हते. आता खांद्यापर्यंत आहेत, तरी टकल्याच. लेनार्ट म्हणाला, मला चिखल्या म्हणायचे, आणि स्वतःच हसला.

मी हसले नाही. आब्बेच्या दातांत फट होती. माझ्यात होती ती त्यांचीच देणगी. म्हणजे झालंच की. बापाचे दात घेऊन बसलेली ती दुसरीचीच पोर. इतका सज्जड पुरावा मला ट्राममध्ये कधी मिळाला नाही.

२० फेब्रुवारी

आई बाहेर गेली होती, मी तिच्या कपाटावरची धूळ पुसायला स्टूल घेतलं. (धूळ खरंच होती.) वर दोन बॅगा. दोन्ही नव्या, एकीला निळी फीत, एकीला लाल. निळीत आईचे कपडे. लालमध्ये नवा झुळझुळीत पायघोळ दिराअ, मोरपंखी रंगाचा, सोन्याच्या धाग्याचा, कार्यात घालतात तसला. सोबत चामड्याच्या सपाता.

सपाता उलटून पाहिल्या. एक्केचाळीस नंबर. फनहलेचे पायही माझ्यासारखेच होड्या आहेत. तेही बापाकडूनच आले असणार.

मला आईने असला दिराअ कधी घेतला नाही. तसं मी म्हटलंही होतं की मला असलं काही घेऊ नकोस, मी घालणार नाही. पण विचारायचं तरी.

२७ फेब्रुवारी

काल आईने मावशीला पाठवलेला निरोप मी माझ्या फोनवर चोरून घेतला. आई ओट्याशी बोलत होती, मी टेबलाशी कांदा चिरत होते, फोन कांद्याच्या सालीखाली. इफ्राहने ऐकायला साफ नकार दिला. म्हणाली, "अबायो, घरातलं घरात विचार. मी तुझ्या आईच्या तोंडात कान घालणार नाही."

मग गेले त्या पोलिसाकडेच. लेनार्टने टोपी काढली, डोळे मिटले आणि दोनदा ऐकलं. मग सावकाश सांगितलं. ईदनंतर जायचं आहे. फनहलेला आत्ता काही कळू देऊ नकोस, वेळ आली की मी बोलेन. म्हातारी रोज तिची आठवण काढते. आणि मग म्हणाला, आता तुझी आई म्हणतेय, "मला फनहलेची भीती वाटते. ती बोलायला लागली की माझी वाचा बसते."

मी विचारलं, अजून काय? तो म्हणाला, अजून काही नाही, नाक ओढलं फक्त. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "जिच्याबद्दल बोलतेय ती जवळची आहे बरं का. परक्या माणसाबद्दल असं कोणी बोलत नाही."

याला काय माहीत जवळचं आणि परकं. पण मला इतका संताप आला की घरी जाताना एक थांबा पुढे गेले. माझ्या आईला कोणी घाबरवतं? सव्वीस वर्षं लोकांची ऑफिसं पुसून मला मोठं करणाऱ्या बाईला? ईदनंतर जायचं म्हणजे हिला आणायलाच जायचं. आणि रिकाम्या हाताने नाही, दिराअ घेऊन.

५ मार्च

इफ्राहकडून तीन वाक्यं घोटून घेतली. विसरून जा, नातं नाही, आणि नाव काढू नका. कशाला हवीत विचारलं, मी म्हटलं कामावर लागतात. ती म्हणाली, फार कडक काम दिसतंय.

१० मार्च

उद्यापासून रमजान. दुपारी आई नमाजाला उभी राहिली, फोन साखरेच्या डब्यापाशी. मी उचलला, मावशीचं नाव काढलं, बटण दाबलं आणि बोलले. आयुष्यात पहिल्यांदा अख्खी सोमाली वाक्यं, एकही न अडखळता:

"मावशी, मी सगल. फनहलेला विसरून जा. तिचं या घराशी काही नातं नाही. पुन्हा तिचं नाव काढू नका."

फोन होता तसा डब्याला टेकवून ठेवला. पण छाती अशी फुगली होती, की वाटलं इफ्राहला ऐकवावं. लेनार्टलाही.

१२ मार्च

मावशीचे निरोप थांबले. एकदम. आई सारखी फोन उचलून बघते आणि ठेवते. बाण लागलाय.

१३ मार्च

आईला कळलं. संध्याकाळी रोजा सोडायला बसलो. तिने खजूर माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "घे, सगल."

सगल. हूयो नाही. जन्मात तिने मला असं नावाने हाकारलेलं आठवत नाही. रागावली की फक्त आवाज चढवते. आज आवाज अगदी साधा होता. भांडली असती तर मी तयार होते, सगळे मुद्दे मनात लावून ठेवले होते. ती उठली आणि तिने माझ्या ताटातला संबूसा पुन्हा गरम करून आणला, जसं पाहुण्याला आणतात. डोळे लाल होते. पकडलेली माणसं अशीच होतात, आधी गप्प, मग डोळे लाल. मी सवयीने पाहिलं आणि सवयीने लिहिलं. पण आज जेवण गेलं नाही.

२० मार्च

कपाटावर एकच बॅग. निळ्या फितीची. लाल कुठे गेली ते विचारलं नाही. म्हणजे फनहलेचा विषय संपला. मी जिंकले.

घरात मात्र कोणीतरी वारल्यासारखं आहे. आई अंजेरो करते, टेबलावर ठेवते, आणि "जेव" सुद्धा म्हणत नाही. ती पाच वाक्यंही गेली. एवढं काय होतं त्या पोरीत, की तिच्यासाठी माझ्याशी बोलणं टाकावं?

वर्गाला गेले नाही. आता शिकून काय करायचंय?

२८ मार्च

मला नीट लिहू दे.

संध्याकाळी खजूर तोंडात टाकणार इतक्यात आईचा फोन वाजला. मावशीचा निरोप. बऱ्याच दिवसांनी. आईने माझ्याकडे न बघता बटण दाबलं. पण आवाज मावशीचा नव्हता. अय्येयो बोलत होती, आईची आई. ती फोनला घाबरते, कधी बोलत नाही. म्हातारी आहे, दम लागतो, म्हणून एकेक शब्द ठेवत बोलते. इफ्राह पहिल्या आठवड्यात बोलायची तसं. मला कळायला लागलं. मी न ठरवता कळायला लागलं.

ती म्हणाली, "फनहलेला सांग, मी रागावले नाही. लहान होती तेव्हाही अशीच होती. रुसली की माझ्या पलंगाखाली जाऊन बसायची. खजुराची बी दातांच्या फटीत अडकवायची आणि शिट्टी मारायची, मी शोधावं म्हणून. तुम्ही तिला विमानात घेऊन गेलात तेव्हा पलंगाखाली बिया सापडल्या. नाही यायचं तर नको येऊ दे. नातं नाही म्हणाली, तर म्हणू दे. मी तिची अय्येयो आहे, ते तिला कुठे विचारायला गेले होते मी?"

माझ्या हातात खजूर होता. बी जिभेवर आली. आणि ती समोरच्या दातांमध्ये जाऊन अडकली. मी काही केलं नाही, ती आपोआप गेली तिथे.

आईने फोन पालथा ठेवला आणि सूप वाढायला उठली. मी तिथेच बसले. मोरपंखी दिराअ. एक्केचाळीस नंबर. मला फनहलेची भीती वाटते, ती बोलायला लागली की माझी वाचा बसते. सगळा पुरावा तोच, एकही तुकडा बदलला नाही. मीच त्यात नव्हते, एवढंच.

२९ मार्च

सकाळी आईच्या खोलीच्या दारात उभी राहिले. रात्रभर वाक्य जुळवलं होतं, तोंडात आलं ते अर्धं.

"फनहले म्हणजे मी?"

आई चादर घडी करत होती. म्हणाली, "होतीस. फट तू बुजवलीस, तरी आम्ही म्हणत होतो. मग तू म्हणालीस विसरा."

मी समजावू लागले. स्वीडिशमध्ये, भराभर. वडील, दुसरी बायको, खोली, बॅग, सगळं. आई ऐकत राहिली आणि तिचा चेहरा कुलूप लावल्यासारखा झाला. मला दिसलं ते. माझ्या डोळ्यांदेखत तिची वाचा बसली. किती वर्षं बसत असेल अशी, आणि मी समोर उभी.

मी थांबले. माझ्याकडे सोमाली होतं तरी काय? जेव, झोप, दार लाव, इकडे ये, थांब. तिनेच दिलेलं तेवढं. इफ्राहचे चार शब्द वर. मी म्हटलं, "हूयो, थांब. फनहले विसरू नकोस. मी येते. मला ने."

ती खाली बसली पलंगावर आणि रडली. मग ओरडली माझ्यावर, मनसोक्त, जुन्या आवाजात. गेली दहा वर्षं चल म्हणत होते, दर वेळी तू म्हणालीस तिथे माझं कोण आहे. म्हणून शुक्रीने युक्ती काढली, की आधी विचारायचंच नाही, तिकीट काढायचं, ईदच्या सकाळी दिराअ हातात ठेवायचा, मग बघू कशी नाही म्हणते. तेवढं बोलायचं धैर्य गोळा करत होते मी हिवाळाभर. आणि तू तिकडे निरोप पाठवलास. शुक्रीने तो अख्ख्या घराला ऐकवला, माहितेय? आधी सगळे खूश झाले, की पोरगी सोमाली बोलली. मग पुढचं ऐकलं.

यातलं मला जवळजवळ सगळं कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

तिचं तिकीट आहे, माझं तिने रद्द केलंय. लाल बॅग तळघरात. सगळं सांगून झाल्यावर तिने माझी हनुवटी धरली, खिडकीकडे वळवली, आणि म्हणाली, "तोंड उघड." अंगठ्याच्या नखाने दोन दातांमध्ये दाबून पाहिलं. 

"उघडतेय," म्हणाली. "आणि मला सांगितलं नाहीस."

२ एप्रिल

माझं तिकीट मी काढलं. इतकी वर्षं दुसऱ्यांची तपासत आले. दातांच्या डॉक्टरची वेळ रद्द केली. पलीकडून विचारलं, पुढची कधीची देऊ? मी म्हटलं, कळवते.

वर्गात गेले. लेनार्टला सगळं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच वाटलं होतं. मग सांगितलं का नाहीस? म्हणाला, तू माझ्याकडे अशी बघत होतीस, जणू मी बिनतिकीट बसलोय.

५ एप्रिल

अय्येयोला निरोप पाठवायचा होता. आई शेजारी बसली, फोन साखरेच्या डब्याला टेकवला. मी घोकून ठेवलेलं वाक्य विसरले. आई कोपराने ढोसत होती. शेवटी खजुराची बी दातांत ठेवली आणि फुंकर मारली. नुसती हवा गेली. पुन्हा मारली, पुन्हा हवा. आई म्हणाली सोड, भिजलीय बी. मी दुसरी घेतली, पुसली, बसवली. आवाज आला. बारीक, फाटका, पण आला. बटण तोवर दाबलेलंच होतं, ते सगळं तसंच गेलं.

संध्याकाळी उत्तर आलं. आधी कितीतरी बायकांचा हसण्याचा गलका, मग मावशी सगळ्यांना गप्प करते, मग अय्येयो, दम खात: "सापडली. ये आता बाहेर."

त्यानंतर मावशी काहीतरी म्हणाली, आणि आई पोट धरून हसली. एक नवा शब्द होता, माझ्याबद्दलच, मी शपथेवर सांगते. विचारलं तर आई म्हणते कोणी नाही, जेव. लेनार्टला विचारणार नाही. तिथे जाऊन मावशीच्या तोंडावरच विचारीन.